रिव्हॉल्व्हर : यांत्रिक विश्वसनीयता आणि देखभाल

फिरत्या सिलिंडरमध्ये सामान्यतः पाच किंवा सहा काडतुसे बाळगणारे, एका हातात मावणारे अग्निशस्त्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. ‘रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही’ हा त्याच्याविषयीचा रूढ समज अर्धाच खरा आहे. भरून वर्षानुवर्षे ठेवून दिले तरी ते सहसा दगा देत नाही. मात्र झीज, आडदांड हाताळणी आणि सदोष काडतूस या तीन गोष्टी त्याला मानवत नाहीत. स्वयंभारित पिस्तुलातील बहुतेक अडथळे चालविणाऱ्याला जागच्या जागी दूर करता येतात. रिव्हॉल्व्हर क्वचित अडते, पण अडले की बहुधा कारागिराकडेच न्यावे लागते.

या विश्वसनीयतेचे मूळ शक्तीच्या उगमात आहे. पिस्तुलाची यंत्रणा उडालेल्या काडतुसाच्या प्रतिक्षेपावर चालते, त्यामुळे काडतूस कमजोर निघाले की पुढचे चक्र खुंटते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर फिरविण्याचे आणि घोडा (काडतुसाच्या तळाशी दारू पेटविण्यासाठी असलेल्या टोपीवर आघात घडविणारा हातोडीसारखा भाग) मागे नेण्याचे काम चालविणाऱ्याचे बोट किंवा अंगठा करतो. एखादे काडतूस पेटले नाही, तर दुहेरी क्रियेच्या (चाप ओढल्यानेच घोडा मागे जाऊन पडतो अशा) रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढताच नवे काडतूस नळीसमोर येते.

प्रारंभीची रिव्हॉल्व्हरे मात्र इतकी भरवशाची नव्हती. सॅम्युएल कोल्ट याला अमेरिकेत २५ फेब्रुवारी १८३६ रोजी एकस्व मिळाले. त्या काळातील टोपीदार (सुट्या तांब्याच्या टोपीने दारू पेटविणाऱ्या) रिव्हॉल्व्हरांत फुटलेल्या तांब्याच्या टोपीचे तुकडे यंत्रणेत पडून सिलिंडर अडकत असे, तर कधी सिलिंडरमधील एका कप्प्याची (दारू व गोळी भरण्याच्या भोकाची) ज्वाळा शेजारच्या कप्प्यांतील दारू पेटवीत असे. म्हणून कप्प्यांच्या तोंडावर चरबी थापण्याची पद्धत होती. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने १८५७ मध्ये धातूच्या पुंगळीतील काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, आणि अशा काडतुसांचा प्रसार होत गेला तसे हे दोन्ही दोष मागे पडले.

रिव्हॉल्व्हरचे आरोग्य प्रामुख्याने ‘टायमिंग’वरून, म्हणजे सिलिंडरचे फिरणे आणि घोड्याचे पडणे यांच्या मेळावरून, कळते. चाप ओढला जात असताना एक छोटा पंजा सिलिंडरच्या मागील दातेरी चांदणीला ढकलून त्याला एका कप्प्याइतके फिरवितो, आणि सांगाड्याच्या तळातून वर येणारी खीळ सिलिंडरच्या खाचेत बसून त्याला रोखते. घोडा पडण्यापूर्वी ही खीळ बसलीच पाहिजे. पंजा किंवा दाते झिजले की कप्पा नळीच्या रेषेत पूर्ण येत नाही, गोळीची कड नळीच्या तोंडाशी तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते इजा करू शकतात. शस्त्र पूर्ण रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढत प्रत्येक कप्प्यावर खीळ बसल्याचा ‘टक्’ आवाज ऐकणे ही या दोषाची सोपी चाचणी आहे. सगळे कप्पे तपासले पाहिजेत, कारण एकच दाता झिजलेला असू शकतो.

सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट साधारणपणे ०.१० ते ०.२० मिमी. असते. ती फार अरुंद असेल, तर काजळी साचून सिलिंडर जड फिरतो. फार रुंद असेल, तर वायू निसटून गोळीचा वेग घटतो. या फटीतून सुटणारी तप्त ज्वाळा सांगाड्याच्या वरच्या पट्टीवर हळूहळू चर पाडते, पण हा चर ठराविक खोलीनंतर बहुधा थांबतो. नळीच्या मागील तोंडाला जाणारा तडा अधिक गंभीर मानावा लागतो. स्मिथ अँड वेसनच्या १९५५ मधील, ०.३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस वापरणाऱ्या ‘कॉम्बॅट मॅग्नम’ रिव्हॉल्व्हरमध्ये हे तोंड खालच्या बाजूने सपाट केलेले असल्याने हलक्या, वेगवान गोळ्यांच्या सततच्या वापराने तेथे तडे गेल्याची उदाहरणे आहेत, कंपनीने पुढे अधिक भक्कम सांगाडा आणला.

काडतुसांमुळे उद्भवणारे अडथळे वेगळे आहेत. टोपी पुंगळीत नीट दाबलेली नसेल, तर ती मागील पट्टीला घासते. धक्क्याने गोळी पुंगळीतून पुढे सरकली की सिलिंडर फिरतच नाही. दारू कमी पडल्याने गोळी नळीत अडकली, तर पुढची गोळी झाडणे जिवावर बेतू शकते; म्हणून नेहमीपेक्षा क्षीण आवाज आला की तत्काळ थांबावे.

पडल्यावर आपोआप गोळी सुटू नये, ही विश्वसनीयतेची दुसरी बाजू आहे. कोल्टच्या १८७३ च्या एकेरी क्रियेच्या (घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवून पाचच काडतुसे भरणे हाच खरा उपाय होता. आधुनिक रिव्हॉल्व्हरांत चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा आघात टोपीपर्यंत पोहोचू न देणारी पट्टी असते.

दैनंदिन देखभाल साधी असली, तरी तिच्यात नेमकेपणा हवा. पुंगळ्या बाहेर ढकलताना नळीचे तोंड वर ठेवावे, अन्यथा न जळलेल्या दारूचे कण चांदणीखाली अडकतात आणि सिलिंडर पुरता मिटत नाही. अशा अडथळ्यांचे हे नेहमीचे कारण आहे. प्रत्येक कप्पा मागून पुढे ब्रशने घासावा. चांदणीची दांडी सैल नाही, हे पाहावे, कारण ती उलगडली की सिलिंडर उघडत नाही. तेल थेंबभर पुरते. जास्त तेल धूळ धरते, कालांतराने चिकट होते आणि टोपीत झिरपून काडतूस निकामी करू शकते. मनगटाच्या झटक्याने सिलिंडर मिटण्याची चित्रपटांनी लोकप्रिय केलेली सवय त्याचा आधार वाकविते, म्हणून ती कटाक्षाने टाळावी.

भारतात कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनणारे ०.३२ इंची रिव्हॉल्व्हर वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या रचनेवर आधारलेले असून ते मधोमध मोडून उघडते. २०१४ मध्ये आलेले हलके ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीचे होय. मोडून उघडणाऱ्या रचनेत बिजागरी आणि वरची कडी यांची झीज आवर्जून तपासावी लागते. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत चामड्याच्या म्यानात ठेवलेले रिव्हॉल्व्हर लवकर गंजते आणि चामड्याच्या पट्ट्यातील काडतुसांवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यात ते म्यानाबाहेर, कोरड्या व कुलूपबंद जागी ठेवावे. बाहेरची स्वच्छता मालकाने करावी, परंतु बाजूची झाकणपट्टी उघडून आतील भाग घासणे त्याने टाळावे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, त्यामुळे टायमिंग बिघडलेले रिव्हॉल्व्हर परवानाधारक कारागिराकडेच द्यावे लागते.