चारित्र्य की कर्तबगारी? (धार्मिक मतदारांचा निवाडा)

उमेदवाराचे खासगी वागणे आणि राज्य चालवण्याची त्याची कुवत, यांतल्या कशाला किती वजन द्यायचे, हा श्रद्धाळू मतदाराचा जुना पेच. तो सगळ्याच धर्मांत आहे, पण त्याचा सर्वांत बारकाईने नोंदला गेलेला इतिहास अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मतदारांचा आहे. बायबलवचन प्रमाण मानणारे, पश्चात्ताप आणि ‘नवा जन्म’ यांवर भर देणारे हे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. ही नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

या मतदारांच्या हाती असलेले शास्त्र चारित्र्य आणि कर्तबगारी वेगळी काढतच नाही. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात यहुद्यांचा नेता मोशे एकट्याने न्यायनिवाडा करून थकतो, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला सल्ला देतो, की लोकांतून कर्तबगार, देवाला भिणारी, खरी आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवड. सगळ्या कसोट्या एकाच वाक्यात आल्या. पण त्याच ग्रंथात दावीदही आहे. त्याने बथशेबाशी व्यभिचार केला, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे धाडून मारवले आणि तरी तो देवाचा लाडका राजा राहिला. पापी नेत्याला मत देणारे आजही दावीदाकडे बोट दाखवतात. नाथान संदेष्ट्याने राजाच्या तोंडावर त्याचे पाप उघड केले आणि राजाने ते कबूल केले, हा कथेचा गाभा मात्र अशा वेळी बहुधा गाळला जातो. दावीदाला क्षमा मिळाली ती त्या कबुलीनंतर.

दुसरी अडचण अशी, की चारित्र्य म्हणजे नेमके काय? आपल्याकडेही या एका शब्दात शरीरसंबंधांपासून पैशाच्या व्यवहारापर्यंत सगळे येते. १८८४च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकी मतदारांना यातली फोड करावीच लागली. ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्यावर लग्नाबाहेरच्या मुलाचा ठपका आला. त्यांनी संबंध नाकारला नाही आणि आपल्या लोकांना खरे तेच सांगायला सांगितले. प्रतिस्पर्धी जेम्स ब्लेन घरात निष्कलंक, पण रेल्वे कंपन्यांशी असलेल्या पैशाच्या संबंधांमुळे डागाळलेले. तेव्हा एक युक्तिवाद गाजला : क्लीव्हलंड सार्वजनिक कामात स्वच्छ आहेत, त्यांना सार्वजनिक पदावर बसवा, ब्लेन खासगी आयुष्यात स्वच्छ आहेत, त्यांना खासगी आयुष्यात परत पाठवा. क्लीव्हलंड निवडून आले. न्यूयॉर्क राज्यातल्या हजारभर मतांनी निकाल फिरवला.

विसाव्या शतकातले बोलके उदाहरण जिमी कार्टर यांचे. जॉर्जियातल्या प्लेन्स या छोट्या गावचे, भुईमुगाच्या व्यवसायातले, बाप्तिस्त मंडळीत संडे स्कूल शिकवणारे. १९७६मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक लढवताना एका मुलाखतीत त्यांनी सांगितले, की परस्त्रीकडे वासनेने पाहून आपण मनातल्या मनात अनेकदा व्यभिचार केला आहे. हे मत्तयाच्या ५व्या अध्यायातल्या येशूच्या शिकवणीला धरूनच होते. प्रामाणिक ख्रिस्ती माणूस दुसरे काय बोलणार? पण मुलाखत छापली ‘प्लेबॉय’ मासिकाने, आणि चर्चमधले अनेकजण दुखावले. कार्टर तरीही जिंकले. चारच वर्षांनी, १९८०मध्ये, गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांचा मोठा हिस्सा त्यांना सोडून रोनाल्ड रेगन यांच्याकडे गेला. रेगन घटस्फोटित, हॉलिवूडमधून आलेले. जेरी फॉलवेल या पाद्र्यांनी १९७९मध्ये उभ्या केलेल्या ‘मॉरल मेजॉरिटी’ संघटनेने या वळणाला बळ दिले. गर्भपात, शाळांतली प्रार्थना, कुटुंब यांवर उमेदवार काय करणार, हे तो स्वतः कसा जगतो यापेक्षा महत्त्वाचे ठरू लागले. कार्टर मात्र पद गेल्यावरही गावच्या चर्चमध्ये रविवारी शिकवत राहिले, थेट नव्वदी उलटेपर्यंत.

१९९८मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन आणि मोनिका लेविन्स्की यांच्या विवाहबाह्य संबंधांच्या प्रकरणात तराजू पुन्हा चारित्र्याकडे झुकला. देशाची आर्थिक घडी चांगली बसली होती, आणि बहुसंख्य अमेरिकी माणसे क्लिंटन यांच्या कामावर खूश होती. त्या जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने ठराव केला : नेत्यांचे गंभीर दुराचार खपवून घेतले, तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी करपते आणि देवाचा कोप ओढवतो. अर्थव्यवस्था चांगली आहे म्हणून चारित्र्याकडे डोळेझाक नको, हा या ठरावाचा रोख होता.

अठरा वर्षांनी हीच कसोटी डोनाल्ड ट्रम्प यांना लावायची वेळ आली. तीन लग्ने, कॅसिनोंचा धंदा, आणि ७ ऑक्टोबर २०१६ला बाहेर आलेली, स्त्रियांच्या अंगाला हात घालण्याविषयी बढाई मारणारी ध्वनिचित्रफीत. ट्रम्प यांना मत देणे नैतिकदृष्ट्या चांगलेच आहे असे जुलैत लिहिणारे ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक वेन ग्रूडेम यांनी ती पाहून पाठिंबा मागे घेतला, आणि त्याच महिन्यात धोरणांचा हवाला देत ट्रम्प यांनाच मत देण्याची बाजू पुन्हा मांडली. मतदानोत्तर चाचणीत सुमारे ८० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी ट्रम्प यांना मत दिल्याचे दिसले.

पीआरआरआय या सर्वेक्षण संस्थेने एकच प्रश्न दोनदा विचारला होता : खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा लोकप्रतिनिधी सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो का? २०११मध्ये ३० टक्के गोरे इव्हँजेलिकल ‘हो’ म्हणाले होते, २०१६मध्ये ७२ टक्के. कोणताच धर्म न मानणाऱ्यांचे उत्तर मात्र जवळपास होते तिथेच राहिले, ६३ आणि ६०. पाच वर्षांत शास्त्र बदलले नव्हते, समोरचा उमेदवार बदलला होता.

या बदलाला आधार म्हणून कोरेश राजा पुढे आला. यशयाच्या ४५व्या अध्यायात देव प्राचीन इराणच्या या राजाला ‘अभिषिक्त’ म्हणतो. तो देवाला ओळखत नाही, तरी त्याच्या हातून बाबेलमधल्या बंदिवान यहुद्यांची सुटका होते. ट्रम्प ४५वे अध्यक्ष, म्हणून अध्यायाचा आकडाही खूण मानला गेला. खरे तर कोरेशाला कोणी मत दिले नव्हते. तो जिंकून आलेला परका सम्राट होता. आपण निवडतो त्याची जबाबदारी आपल्यावर असते, हा फरक त्या उपमेत हरवतो. तिच्यात ‘कर्तबगारी’चा अर्थही बदलतो : कारभार येतो का, हा प्रश्न मागे पडून आपली कामे करून देईल का, एवढेच उरते. त्या मापाने ट्रम्प उतरले, हे मान्य करायला हवे. त्यांनी पहिल्या कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयावर तीन न्यायाधीश नेमले आणि जून २०२२मध्ये त्या न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला.

सगळेच मात्र या वाटेने गेले नाहीत. ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या, धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांनी स्थापन केलेल्या मासिकाचे संपादक मार्क गॅली यांनी डिसेंबर २०१९मध्ये ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असे लिहिले, आणि १९९८मध्ये मासिकाने क्लिंटन यांच्याविषयी लिहिलेलेच शब्द ट्रम्प यांनाही लागू होतात, याची आठवण दिली. मॉर्मन पंथाचे लोक बहुसंख्य असलेल्या युटा राज्यात २०१२मध्ये ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाला ७० टक्क्यांहून जास्त मते होती. २०१६मध्ये ट्रम्प तिथे जिंकले, पण ४५ टक्क्यांच्या आसपास मतांवर. आणि तेच बायबल तितक्याच श्रद्धेने वाचणारे कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट बहुसंख्येने उलट बाजूला मत देत आले आहेत, कारण त्यांच्या लेखी न्याय हाही नीतीचाच भाग आहे.

डिसेंबर २०१७मध्ये अलाबामात सिनेटची पोटनिवडणूक झाली. रॉय मूर हे न्यायालयात बायबलमधल्या दहा आज्ञांची शिळा बसवणारे माजी न्यायमूर्ती रिपब्लिकन उमेदवार होते, आणि तरुणपणी अल्पवयीन मुलींशी गैरवर्तन केल्याचे आरोप त्यांच्यावर होते. ते त्यांनी नाकारले. मतदानोत्तर चाचणीनुसार सुमारे ८० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी तरीही त्यांनाच मत दिले. ते हरले सुमारे २१,९०० मतांनी. मतपत्रिकेवर छापलेली नावे सोडून स्वतःच्या हाताने तिसरेच नाव लिहून आलेल्यांची मते होती सुमारे २२,८००. मूर यांच्याच पक्षाचे, त्याच राज्याचे ज्येष्ठ सिनेटर रिचर्ड शेल्बी यांचे मत त्यांतलेच एक.