मेमरीची बचत (क्लाउड संगणन)

सॉफ्टवेअर चालताना जेवढी रॅम (चालू कामापुरती लागणारी मेमरी) अडवते ती कमी करून भाड्याच्या सर्व्हरचे बिल उतरवण्याचा उद्योग. बिल उतरते, पण पायरीपायरीने. वाचलेल्या रॅमच्या प्रमाणात क्वचितच.

क्लाउडवर यंत्रे ठरावीक मापातच मिळतात. ॲमेझॉनच्या एम५ मालिकेत ‘लार्ज’ म्हणजे २ व्हीसीपीयू (भाड्याने मिळणारा प्रोसेसरचा वाटा) आणि ८ जीबी रॅम, ‘एक्सलार्ज’ म्हणजे ४ आणि १६, भाडेही दुप्पट. शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग न्यायला ट्रक ठरवला आणि माल अर्धाच निघाला, तरी भाडे तेच. माल टेम्पोत मावला तरच पैसे वाचतात.

कोल्हापुरातल्या एखाद्या फौंड्रीचे बिलिंग आणि स्टॉकचे सॉफ्टवेअर मुंबईतल्या १६ जीबीच्या यंत्रावर चालते असे धरू. वापर १३ जीबीवरून १० वर आणला, तर बिल जिथल्या तिथे. ६ वर आणला, तर ८ जीबीचे यंत्र पुरते आणि भाडे निम्मे होते. मात्र व्हीसीपीयूही निम्मे होतात. महिनाअखेरीला सगळी बिले एकदम काढताना सीपीयूच धापा टाकत असेल, तर हा सौदा फसवा. तेव्हा मालिका बदलावी: एका व्हीसीपीयूमागे आर मालिकेत ८, एम मध्ये ४, तर सी मध्ये २ जीबी मिळतात. सीपीयू तेवढेच ठेवून मेमरी निम्मी केली, तरी भाडे निम्म्याच्या जवळपासही येत नाही.

कुबरनेटिसमध्ये (अनेक यंत्रांवर प्रोग्रॅम वाटून चालवणारी प्रणाली) कंटेनर, म्हणजे वेगळ्या डब्यात बंद केलेला प्रोग्रॅम, प्रत्यक्षात किती मेमरी खातो याला जागावाटपात किंमत नसते. सेटिंगमधल्या ‘रिक्वेस्ट’मध्ये लिहिलेला आकडा पाहून जागा अडवली जाते. कोड सुधारला आणि तो आकडा तसाच राहिला, तर मेहनत पाण्यात. जावा भाषेतल्या प्रोग्रॅमचेही तसेच: हीपची (प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतो त्या मेमरीची) कमाल मर्यादा कुणीतरी कधीकाळी अंदाजाने ६ जीबी ठेवलेली असते. ती ओळ बदलणे हे कोड नव्याने लिहिण्यापेक्षा किती तरी स्वस्त, आणि सुरुवात तिथूनच करावी.

ॲमेझॉनच्या लॅम्डासारख्या सेवेत, जिथे सर्व्हर न घेता काम चालेल तेवढ्याच वेळाचे पैसे पडतात, आकारणी जीबी-सेकंदावर (मेमरी गुणिले वेळ) होते, म्हणून तिथे बचत थेट दिसायला हवी. पण मेमरीबरोबर सीपीयूचा वाटाही घटतो (पूर्ण एक व्हीसीपीयू १,७६९ एमबीला मिळतो). मेमरी निम्मी केली आणि काम दुप्पट वेळ रेंगाळले की हिशेब बरोबरीत.

डिस्क, बॅकअप आणि बाहेर जाणारा डेटा यांच्या आकारणीला रॅमबचतीने धक्का लागत नाही.

मोजमाप सरासरीचे न घेता सर्वाधिक वापराचे घ्यावे. सरासरीवर बेतलेला कंटेनर ऐन गर्दीत मर्यादा ओलांडतो, लिनक्स त्याला मारून टाकते आणि लॉगमध्ये (नोंदवहीत) १३७ हा एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम कसा संपला ते सांगणारा आकडा, उरतो.