विज्ञान शिकलेला संपादक आणि विज्ञान पत्रकार

फोंड्यातल्या बीएस्सीच्या एका मुलीने परवा विचारलं, "सर, मला पेपरात काम करायचंय. म्हणजे मी विज्ञान पत्रकार होणार ना?" पदवी विज्ञानाची म्हणून कामही विज्ञानाचंच, असं घरोघरी धरून चालतात.

विज्ञान पत्रकाराचा विषयच विज्ञान. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काय संशोधन चाललंय, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून कोणती मोहीम निघाली, हे तो शोधतो आणि सोपं करून लिहितो. त्याच्याकडे विज्ञानाची पदवी असतेच असं नाही.

संपादकापुढे मात्र विधानसभा, खाणी, शिमगा, फुटबॉल, सगळंच येतं. काय छापायचं हे तो ठरवतो आणि त्याची कायदेशीर जबाबदारीही त्याच्यावर असते. म्हणून तर अंकात त्याचं नाव छापतात. उपसंपादक, मुख्य उपसंपादक, वृत्तसंपादक अशा पायऱ्या चढत वर्षं जातात. त्या वाटेवर तुमचं प्राणिशास्त्र कुणी विचारत नाही.

मग ते शिक्षण वाया जातं का? मुळीच नाही. मी डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान तयार करतात त्या टेबलावर, नवा होतो. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले, तेव्हा 'माकडांमुळे ताप पसरला' असा मथळा देऊन मी पान छपाईला सोडायला निघालो होतो. आमचे संपादक प्राणिशास्त्राचे. त्यांनी प्रूफवर 'माकडांमुळे' या शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, "चावतं कोण?"

चावते गोचीड. माकडंही याच तापाने मरतात; मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि काजू गोळा करायला रानात गेलेल्या माणसाला चावतात. माझा मथळा वाचून लोक माकडांच्या मागे लागले असते आणि गोचिडीकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी 'अपघातांत शंभर टक्के वाढ' अशी बातमी आली. पुन्हा तेच, "कितीवरून किती?" दोनावरून चार. मथळा बदलला.

१८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे गणित शिकवायचे; शून्यलब्धीवर, म्हणजे आजच्या कॅल्क्युलसवर, त्यांनी पुस्तकही लिहिलं. आपण त्यांना आद्य संपादक म्हणतो, विज्ञान पत्रकार नाही.

मुलीने विचारलं, "मग सुरुवात कुठून करू?" म्हटलं, "रात्री आठनंतर डेस्कवर ये. पानावर बातम्या लागताना बघ."