सक्रिय गाळ आणि ‘विघटन’ या शब्दाचा गोंधळ

सांडपाण्यात हवा सोडून पाहण्याचे प्रयोग १९१४ पूर्वीही झाले होते. मँचेस्टरमध्ये त्या वर्षी वेगळे केले ते एवढेच, की तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्याच्यावरच नवे सांडपाणी ओतले. पहिल्या खेपेला पूर्ण शुद्धीकरणास सुमारे ५ आठवडे लागले होते. गाळ साठत गेला तसे तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले. जिवाणूंनी भरलेला हा राखलेला गाळ म्हणजेच ‘सक्रिय गाळ’.

विषारी द्रव्यांच्या बाबतीतही हा राखलेला, सवयीचा झालेला गाळच कामी आला. कोकभट्ट्यांच्या (दगडी कोळशापासून कोक बनवणाऱ्या भट्ट्यांच्या) पाण्यातील फिनॉल हे एकेकाळचे नावाजलेले जंतुनाशक. परंतु हळूहळू सवय लावल्यास गाळातील जिवाणू त्याचे कॅटेकोल हे संयुग करतात, मग त्यातले कार्बन अणूंचे वलय फोडतात आणि उरलेल्या तुकड्यांवर पोट भरतात. तेच फिनॉल एकदम जास्त आले, तर मात्र गाळ मरतो.

खरा वाद ‘विघटन’ कशाला म्हणावे याचा आहे. १९५० च्या दशकात जिवाणूंना सहज न मोडता येणाऱ्या, फांद्या असलेल्या कार्बन-साखळीच्या डिटर्जंटमुळे वायुवीजन टाक्यांवर (सांडपाण्यात हवा सोडण्याच्या टाक्यांवर) फेसाचे ढीग चढू लागले. पश्चिम जर्मनीने १९६४ पासून निदान ८० टक्के विघटनाची अट घातली आणि उद्योग सरळ साखळीकडे वळला. ही टक्केवारी मिथिलीन ब्लू चाचणीने मोजली जाई, म्हणजे डिटर्जंटचा अखंड रेणू निळ्या रंगाला क्लोरोफॉर्म या द्रावकात ओढून नेतो, आणि तो रंग तिथे उतरला नाही की रेणू ‘विघटित’ ठरे, त्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नसे. फेस हटवण्यापुरते हे माप पुरेसे होते, विष मोजण्यासाठी ते अपुरेच होते. नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट या दुसऱ्या एका डिटर्जंट द्रव्याने ती उणीव उघडी पाडली: जिवाणू त्याची शेपटी कुरतडतात, फेस जातो, पण मागे उरणारे नॉनिलफिनॉल मूळ द्रव्याहून अधिक विषारी असते, माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते आणि गाळाला चिकटून राहते. रेणू कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोहोचावा, २८ दिवसांत ६० टक्के, ही अट युरोपात २००५ मध्ये लागू झाली. त्यासाठी चार दशके लागावीत, हे समर्थनीय वाटत नाही.

गाळाला चिकटणे किंवा हवेबरोबर उडून जाणे यांची गणना अजूनही पुष्कळदा ‘निष्कासना’त, म्हणजे पाण्यातून द्रव्य काढून टाकण्यात, होते. फ्लोरिनयुक्त संयुगांच्या बाबतीत हा हिशेब पार उलटतो. त्यांच्या पूर्वगामी (ज्यांपासून ती आम्ले तयार होतात अशा) रेणूंचे रूपांतर टाकीतच न मोडणाऱ्या आम्लांत होते आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात ती आम्ले कधीकधी आत आलेल्या पाण्यापेक्षा जास्त सापडतात.