फोर्ट्रान व फलनाधारित भाषांतील आज्ञावली-रूपांतर

फोर्ट्रान या गणिती कामाच्या भाषेतील आज्ञावली लिस्प, हॅस्केल, ओकॅमल अशा फलनाधारित (फलनांच्या, म्हणजे फंक्शनांच्या, आवाहनांतून गणना मांडणाऱ्या) भाषेत, किंवा तेथून फोर्ट्रानमध्ये, नेण्याची प्रक्रिया. फोर्ट्रानमध्ये (आयबीएम, १९५७) गणना पुढे सरकते ती चलाची किंमत बदलत. शुद्ध फलनाधारित भाषेत एकदा दिलेली किंमत कायम राहते, म्हणून व्याकरण बदलून भागत नाही.

या रूपांतराच्या मुळाचे श्रेय निरनिराळ्या ठिकाणी दिले जाते. जॉन मॅकार्थी यांच्या १९६० च्या लिस्पविषयक निबंधात प्रवाहचित्रातील टप्प्यांची रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारी) फलने कशी करावीत हे दाखवले आहे. चलांच्या त्या क्षणीच्या किमती फलनाचे प्राचल (त्याला दिल्या जाणाऱ्या किमती) होतात. पीटर लँडिन यांनी १९६५ मध्ये अल्गॉल ६० या भाषेचा अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कलनाशी (फलनांच्या गणिती लेखनपद्धतीशी) मेळ घातला. तिसरा धागा कंपायलरचा, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रसंकेतात भाषांतर करणाऱ्या प्रणालीचा, आहे. साधारणतः १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमच्या संशोधकांनी ‘एसएसए’ (स्टॅटिक सिंगल असाइनमेंट) हे आज्ञावलीचे अंतर्गत रूप पुढे आणले. त्यात प्रत्येक चलाला एकाच जागी किंमत मिळते. हे रूप फलनाधारित आज्ञावलीशी जुळते, असे रिचर्ड केल्सी (१९९५) व अँड्र्यू अ‍ॅपल (१९९८) यांनी दाखवले. लँडिन यांचा रोख भाषेचा अर्थ सांगण्यावर होता आणि एसएसएचा वेगवान यंत्रसंकेतावर. हे पाहता मॅकार्थी यांचा अग्रमान अधिक ग्राह्य वाटतो.

‘डू’ लूपचे (ठरावीक वेळा आवर्तन करणाऱ्या रचनेचे) रूपांतर सोपे असते. ‘गो टू’साठी, म्हणजे लेबल लावलेल्या ओळीवर उडी मारणाऱ्या आज्ञेसाठी, प्रत्येक लेबलाचे स्वतंत्र फलन करतात व उडीच्या जागी, फलनाची अखेरची कृती म्हणून, त्याला आवाहन देतात. खरी अडचण ‘कॉमन’ (अनेक उपआज्ञावलींनी वाटून घेतलेली स्मृती) व ‘इक्विव्हॅलन्स’ या आज्ञांची. ‘इक्विव्हॅलन्स’मुळे दोन नावे एकाच स्मृतिस्थानावर बसतात आणि एकाची किंमत बदलली की दुसऱ्याचीही बदलते. फोर्ट्रानचे अ‍ॅरे (संख्यांचे तक्ते) स्तंभक्रमाने साठवलेले असतात, त्यांचे क्रमांक एरवी १ पासून सुरू होतात; रूपांतरात हे सांभाळावे लागते. बेरजेचा क्रमही जपावा लागतो, कारण दशांशचिन्ह सरकत्या संख्यांच्या बेरजेला साहचर्य नियम (कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच) लागू नाही. यादीची बेरीज उजव्या टोकाकडून केली (फलनाधारित भाषेत ‘उजवीकडून घडी’) तर उत्तराचे शेवटचे अंक बदलू शकतात.

केव्हिन ब्रॉन यांनी न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठात सुरू केलेला ‘एफ२सीएल’ हा रूपांतरक फोर्ट्रान ७७ च्या आज्ञावलीचे कॉमन लिस्प (लिस्पचे प्रमाणित रूप) करतो. मॅक्सिमा या बीजगणित प्रणालीतील क्वाडपॅक या फोर्ट्रान संग्रहाची समाकलन उपआज्ञावली त्यातूनच आली. मात्र कॉमन लिस्पमध्ये लेबले व उड्या असल्याने तो त्या जशाच्या तशा ठेवतो. निष्पन्न आज्ञावली लिस्पमधली खरी, पण तिला फलनाधारित म्हणणे कठीण.

उलट दिशेची उदाहरणे कमी आहेत. फोर्ट्रान ७७ च्या मानकात रिकर्शनला वाव नव्हता, त्यामुळे ते हाताने लूपमध्ये उलगडावे लागे; फोर्ट्रान ९० ने ती अट काढली. सिसाल (१९८३) ही एकदाच मूल्य देणारी भाषा वेगात फोर्ट्रानच्या तोडीची असल्याचा दावा डेव्हिड कॅन यांनी १९९२ मध्ये केला, पण तिचा कंपायलर सी भाषेतील आज्ञावली देई. फोर्ट्रान २००३ पासून सी भाषेशी जोडणी मानकातच असल्याने जुनी उपआज्ञावली तशीच ठेवून हॅस्केलमधून बोलावता येते.