भांड्याचा धातू आणि आच (कोकणातला स्वयंपाक)

भांडं कशाचं आहे यावर आच कशी लागणार ते ठरतं. त्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण लोक त्या हमखास एकत्र करतात: उष्णता भांड्यातून किती पटकन पसरते आणि भांडं किती उष्णता धरून ठेवतं. उष्णतावहनाचे आकडे (वॅट प्रति मीटर केल्विन) साधारण असे, तांबं ४००, अ‍ॅल्युमिनियम २३०, बीड (ओतीव लोखंड) ५०, स्टेनलेस स्टील जेमतेम १५ आणि माती १ च्या आसपास.

मग घावणे (तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार डोसे) बिडावरच का जमतात, अ‍ॅल्युमिनियम तर उष्णता चारपटीहून जास्त पटकन पसरवतं? कारण वजन. २ किलोचा बिडाचा तवा १ अंशाने तापायला साधारण ९०० ज्यूल घेतो, ४०० ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियमचा ३६०, म्हणजे ग्रॅममागे अ‍ॅल्युमिनियम दुप्पट उष्णता घेत असलं तरी एकूण साठा बिडाचाच मोठा. घावणाचं पीठ एकदम पातळ, बरंचसं पाणीच, आणि १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २२६० ज्यूल लागतात, त्यामुळे पीठ ओतलं की पातळ तवा लगेच गार पडतो, पीठ चिकटतं आणि जाळी काही पडत नाही. बीड तग धरतं, चर्र आवाज येतो, वाफ पिठातून फुटून वर येते, तीच जाळी. फक्त तापायला वेळ द्यायचा, मोठ्या गॅसवर घाई केली की मधे जळतं, कडा कच्ची, आणि पहिलं घावण कालथ्याबरोबर तुकड्यातुकड्यात निघतं.

मातीच्या भांड्याचं गणित उलटं. चुलीवर जाळ बुडाला आणि बाजूंनी सगळीकडून लागतो, म्हणून माती उष्णता हळू पसरवते हे तिथे जाणवतच नाही, उलट बांगड्याचं तिखलं (माशाचं तिखट कालवण) खाली उतरवल्यावरही रटरटत राहतं. गॅसचं कडं लहान, एकाच जागी तापून मडक्याला तडा जातो, म्हणून आच मंद ठेवायची. आणि सोलं (आमसुलं), चिंच घातली तरी माती आंबटाला दाद देत नाही, लोखंडात मात्र तेच सार काळपट होतं.

तांबं सगळ्यात झटपट, न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब तांब्याचा असायचा तो उगाच नाही. पण आंबटाला कल्हई हवीच, आणि कल्हईतलं कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे रिकामं पातेलं जाळावर ठेवायचं नाही.

स्टीलचा पातळ टोप पेजेला सगळ्यात वाईट, गॅसच्या कड्याएवढं गोल बरोबर करपतं. बुडाला तांब्याचा नुसता मुलामा असेल तर तो बहुतेक शोभेचाच. मधे अ‍ॅल्युमिनियमचा जाड थर असलेला घ्यावा. इंडक्शनवर बीड मस्त चालतं, माती आणि साधं तांबं-अ‍ॅल्युमिनियम तापतच नाही.