“आई, तुम्ही बसा”

आत्या ८३ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत. चालणं म्हणजे दिवाणापासून बाथरूमपर्यंत, तेही भिंतीला हात लावत. साताऱ्याला तिच्या घरी गेलं की एक वाक्य दिवसातून वीसदा तरी कानावर पडतं. तिने उठायची नुसती चुळबुळ केली की स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज येतो, “आई, तुम्ही बसा, मी आणते.” पाणी, चष्मा, रिमोट, गोळ्यांचा डबा, सगळं हातात मिळतं. उशाशी एक बेलही ठेवली आहे. वहिनीला नावं ठेवायला जागाच नाही. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते तिने तिच्या माहेरी पाहिलंय. तरीही मला वाटतं, त्या घरात माया म्हणून आत्याचा व्यायाम रोज वीसदा तिच्याकडून काढून घेतला जातो. फिरायला जाणं, सूर्यनमस्कार, जिना, हे सगळं संपलेल्या माणसाकडे व्यायाम म्हणून एकच मोठी गोष्ट उरते. उठणं.

आत्या उठते कशी, ते एकदा नीट पाहिलं. आधी दोन्ही तळवे मांड्यांवर. मग “विठ्ठला”. मग पुढे एक झोका, मागे, पुन्हा पुढे, आणि तिसऱ्या झोक्याला ती उभी. ते झुलणं उगाच नसतं. बसलेल्या माणसाचं वजन कुल्ल्यांवर असतं, उठताना ते सगळं दोन पावलांवर यावं लागतं, आणि मग मांड्यांच्या व कुल्ल्यांच्या स्नायूंनी ते वर उचलायचं असतं. स्नायू कमी पडले की शरीर धडाचा वेग उसना घेतं. बसताना मात्र हा उसना वेग मिळत नाही. म्हणून आत्या बसत नाही, शेवटच्या वीतभर अंतरात सोडून देते. दिवाण धप्पकन वाजतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर अशा आदळण्याने मणकाही दबू शकतो.

उठण्याच्या या साध्या क्रियेवर विज्ञानाने बरंच काम केलंय. अमेरिकेतल्या रिकली आणि जोन्स या दोन संशोधिकांनी १९९९ साली ज्येष्ठांसाठी ज्या चाचण्या मांडल्या, त्यातली एक अशी: ४३ सेंटीमीटर उंचीची खुर्ची, हात छातीवर घडी घातलेले, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७५ ते ७९ वर्षांच्या बाईला दहाही जमले नाहीत, तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. आशियाई तज्ज्ञांच्या एका गटाने २०१९ मध्ये दुसरं माप दिलं. ओळीने पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर शरीराची कार्यक्षमता घटली असं समजायचं. हात न टेकता आत्याला एकदाही उठता आलं नाही.

“वय झालं, आता काय” हे अर्धंच खरं. वयाबरोबर पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही चेतापेशी मरतात. त्यांच्या हुकमातले स्नायुतंतू पोरके होतात. काहींना शेजारची चेतापेशी दत्तक घेते, बाकीचे सुकून जातात. यात जलद आकसणाऱ्या तंतूंचं नुकसान जास्त होतं, आणि तोल गेल्यावर पाऊल झटकन पुढे टाकायला नेमके तेच लागतात. ही झाली वयाची बाजू. दुसरी बाजू न वापरण्याची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस गेलं. फक्त दहा दिवसांत! आजारपणातून उठलेली म्हातारी माणसं “पायात जीवच नाही” म्हणतात, तेव्हा ती अतिशयोक्ती करत नसतात.

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धांच्या रुग्णालयात दहा जण निवडले. सगळे ८६ ते ९६ वर्षांचे. त्यांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला, आणि तोही गोंजारल्यासारखा नाही. एका झटक्यात जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येईल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पावणेतीन पटीच्या जवळपास. मांडीचं मांस मात्र फक्त ९ टक्क्यांनी.

मग उरलेली ताकद आली कुठून? मुख्यतः मेंदूकडून आणि चेतासंस्थेकडून. बरेच दिवस न वापरलेल्या स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. सराव सुरू झाला की आधी हुकूम सुधारतो. जास्त तंतू जागे होतात, एका वेळी जागे होतात, आणि उलट्या बाजूने ओढणारे स्नायू आडवे येणं कमी होतं. मांस भरायला महिने लागतात, हुकूम मात्र दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतो. नव्वदीतल्या माणसाला “आता कशाला” म्हणू नये, त्याचं कारण इथे आहे. त्याच गटाने १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना पौष्टिक पेय दिलं होतं. नुसत्या पेयाने ताकद वाढली नाही. दुकानातून हौसेने आणलेला पावडरचा डबा बघितला की मला हे हटकून आठवतं.

इथे एक घोटाळा होतो. म्हाताऱ्यांना “हलका व्यायाम” सांगतात, आणि मग तो इतका हलका होतो की मनगटं फिरवली, मान हलवली, संपलं. सांध्यांना धक्का नको, हे बरोबर. उड्या नकोत, पळणं नको. पण स्नायूला भार लागलाच पाहिजे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या नाहीत, तर चेतासंस्थेला झोपलेले तंतू उठवायचं कारणच उरत नाही. आणि झिजलेल्या गुडघ्याला हालचाल चालत नाही, हाही गैरसमज. सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, दाब आला-गेला की.

आत्यासाठी फिजिओथेरपिस्टने सांगितलं ते असं. हातांची लाकडी खुर्ची, पाठ भिंतीला टेकवून, म्हणजे सरकणार नाही. तिच्यावर चादरींच्या घड्या. बैठक जितकी उंच तितका गुडघ्यावर ताण कमी, म्हणून सुरुवात उंचावरून. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, नाक पावलांच्या पुढे येईल एवढं वाकायचं आणि उठायचं. श्वास कोंडायचा नाही. मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप सुटतो. बसताना मनात तीन मोजत हळू. खरी मेहनत त्या बसण्यात आहे, कारण भार सावरत खाली येताना स्नायू लांबत लांबत काम करतो, आणि त्या मानाने दम कमी लागतो. पाच वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा पाच. एक दिवसाआड. गुडघा त्या वेळी कुरकुरला तरी चालेल, दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिला तर पुढच्या वेळी कमी. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचं. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनीही उभं राहताना दाब उतरतो. छातीत दुखत असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर विचारल्याशिवाय यातलं काहीच नाही.

ज्यांना उभंच राहता येत नाही, त्यांनी बसल्या बसल्या पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धरला तरी मांडीचा तोच स्नायू लागतो. ते सोपं झालं की घोट्याला अर्धा किलो तांदळाची शिवलेली पिशवी. टाचा वर-खाली केल्या की पोटऱ्या आवळतात आणि पायात साचलेलं रक्त वर ढकललं जातं. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन कुल्ले उचलणं दंडांसाठी. एवढं पुरे.

वहिनीला पटवणं जास्त अवघड गेलं. शेवटी तोड अशी निघाली की बेल उशाशीच राहील, पण पाण्याचा तांब्या समोरच्या स्टुलावर, चार पावलांवर. आत्या उठली की वहिनीने शेजारी उभं राहायचं, हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात दोघींनाही घाम फुटला.

जमिनीवरून आत्याला अजून उठता येत नाही, आणि बहुधा येणारही नाही. गणपतीच्या आरतीला ती स्टुलावरच बसते. पण खुर्चीवर सुरुवातीला पाच चादरी होत्या. परवा फोन केला तेव्हा दोन उरल्या होत्या.